बादलीतली मूठभर साखर

कालव्यावरचा पूल बराच मागे पडला तेव्हा नणंदेच्या टाचेला फोड आला होता आणि भावजय हाकेच्या अंतरावर पुढे गेली होती. थोडं पुढे जायची, थांबायची, वळून बघायची, नणंद जवळ आली की परत तरातरा चालायला लागायची. तोंडातून शब्द नाही. एरवी ही बाई एवढा वेळ गप्प राहिली असती तर घरच्यांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

सुट्टीच्या दिवशी बस पुलाच्या अलीकडूनच माघारी वळते. भावजयीच्या नवऱ्याची गोदामात पाळी होती आणि गाडी त्याच्याकडे. टॅक्सीवाल्यानं फोनवर ‘बघतो, संध्याकाळपर्यंत’ असं काहीतरी सांगितलं, तेव्हा ‘ताई, मी पुलापर्यंत बसनं जाते, पुढे चालत’ म्हणून तिनं पायात बूट घातले. नणंद परदेशात भावाकडे काही महिने राहायला आलेली; इथली भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत. पण भावजयीला अशा अवस्थेत एकटीला सोडायचं तिच्या जिवावर आलं. ती चपला सरकवून मागोमाग निघाली. (ही नणंद म्हणजे हे लिहिणारीच. पण गोष्ट भावजयीची आहे, तेव्हा नणंदेनं इथं नणंद म्हणूनच राहावं.)

जायचं होतं मधआजोबांकडे. हे नाव भावजयीनंच ठेवलेलं. गावाबाहेर उतारावर त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या, पेट्यांशेजारी मध काढायची खोली, आणि खोलीला लागून ते आणि त्यांची बायको राहायचे ते बुटकं घर. त्या खोलीच्या दाराला आज सकाळी कागदी सील लागलं होतं. ते कुणामुळे लागलं, हे भावजयीला पुरतं ठाऊक होतं.

सकाळी फोन आला तेव्हा ती ओट्यापाशी चहा गाळत होती. आजोबांचा आवाज. तिला त्यांची भाषा मोडकीतोडकी येते, म्हणून ते तिच्याशी नेहमी एकेक शब्द सुटा करून बोलतात. ते म्हणाले, बादल्या. मग म्हणाले, साखर. मग, तू? भावजयीला वाटलं, म्हाताऱ्याला आवडलेलं दिसतंय, आभार मानायला फोन केला. ती हसत म्हणाली, ‘हो हो, मीच, मीच घातली.’ मग त्यांनी सगळं सावकाश समजावून सांगितलं, आणि ऐकता ऐकता तिच्या हातातली गाळणी कपाऐवजी ओट्यावर गळत राहिली.

झालं होतं ते असं. मधवाल्यांचा एक संघ आहे. त्यांचा एक शिक्का असतो, बाटलीवर चिकटवायचा. तो असला की मधात काही मिसळलेलं नाही याची हमी. आजोबांनी तो शिक्का उभ्या आयुष्यात एकदाही गमावला नव्हता. शहरातली मोठी दुकानं त्या शिक्क्यावर त्यांचा माल घ्यायची. संघाचा नियम कडक: मध काढायच्या खोलीत साखरेचा कणसुद्धा सापडता कामा नये, कारण खोटा मध करणारे पहिल्यांदा साखरच आणून ठेवतात. संघाचे तपासनीस सुट्टीच्या दिवशी न सांगता येतात, एरवी त्यांनाही आपापल्या नोकऱ्या असतात. आज सकाळी तपासनीस बाई आली, तिनं कोपऱ्यातल्या धुतलेल्या बादल्यांची झाकणं उघडली, आणि प्रत्येक बादलीच्या तळाशी तिला मूठभर साखर मिळाली.

तिनं दाराला सील लावलं, पलीकडच्या गावात आणखी एक तपासणी आहे ती उरकून दुपारी परत येते म्हणाली, आणि आल्यावर शिक्का काढून घ्यायचा की नाही ते ठरवते म्हणून गेली. दुपार सुरू झालीच होती.

‘अगं जरा हळू,’ नणंद मागून म्हणाली. ‘तू आधी पोचून उपयोग काय, मी इथं पडले तर मला उचलायला परत यायचंय तुला.’

भावजय थांबली. हसली नाही. ‘ताई, ती निघून गेली तर?’

नणंद पुलापासूनच मनात नाम घेत होती, ओठ तेवढे हलत होते. म्हाताऱ्याचं नाव राख, एवढंच मधेमधे मागत होती. आणखी काय मागायचं ते तिला सुचत नव्हतं.

साखर घालायचं कारण सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला भावजय वेडी वाटेल. तिच्या माहेरी शेजाऱ्यापाजाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नसे. वाटी आली की जाताना वाटीत काहीतरी गेलंच पाहिजे. काही नसेल तर चिमूटभर साखर. तिच्या आईनं हे कधी शिकवलं असं नाही, ती करायची आणि लेकीच्या हाताला ते लागलं. आजोबा इतके दिवस मध बाटल्यांतच भरून द्यायचे. मागणी वाढली तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच बादल्या भरून दिल्या, तू घरी बाटल्यांत भर आणि बादल्या आणून ठेव म्हणाले. तिनं बादल्या गरम पाण्यानं घासल्या, उन्हात वाळवल्या, आणि झाकण लावायच्या आधी हात आपोआप साखरेच्या डब्यात गेला. नणंद शेजारीच पुसायचं फडकं घेऊन उभी होती. तिनं कौतुकच केलं होतं, की परदेशात राहूनही आईचं वळण सोडलं नाहीस. आजोबा घरी नव्हते, खोलीला नुसती कडी होती. दोघींनी बादल्या आत नेऊन कोपऱ्यात रचल्या आणि मोठं काम केल्यासारख्या घरी आल्या.

आणि हे कुणाच्या हातून व्हावं? तर मीटरबाईच्या.

लग्नाआधी आणि लग्नानंतरही पुष्कळ वर्षं भावजय दूध संकलन केंद्रावर होती. सकाळी कॅन घेऊन रांग लागायची आणि ही लॅक्टोमीटरची काचेची नळी दुधात सोडून उभी. पाणी घातलेलं दूध तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून दूधवाल्यांनी तिचं नाव मीटरबाई ठेवलं. कुणी सांगायचा, म्हैस आजारी आहे. कुणी सांगायचा, कॅन धुतला तेव्हा पाणी तळाशी राहिलं. एकानं तर सांगितलं होतं की म्हैस रात्रभर तळ्यात डुंबली, दूध पातळ येणारच. मीटरबाई सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायची आणि कॅन बाजूला काढायची. गोष्टी ऐकायचे पैसे मिळत नाहीत मला, म्हणायची.

पुढे नवऱ्याला इकडे नोकरी लागली आणि मीटरबाई दोन खोल्यांच्या घरात येऊन पडली. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची आणि पलीकडे तशीच दुसरी इमारत. नवरा कामावर गेला की दिवस अंगावर यायचा. भाषेच्या वर्गाला जायची, तिथून पायी भटकायची. अशीच भटकताना एकदा रस्त्याच्या कडेला टेबलावर मधाच्या बाटल्या मांडून बसलेले आजोबा दिसले. तिनं पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकणात पाणी ओतलं आणि मधाचा थेंब त्यात सोडून टक लावून बघत बसली. मग एक थेंब कागदाच्या रुमालावर. आजोबांनी हे सगळं होऊ दिलं, आणि ती मान हलवून दोन बाटल्या घ्यायला लागली तेव्हा ते पोट धरून हसले. तिथून दोघांचं जमलं.

दुकान सुरू झालं ते असं काही ठरवून नाही. इथं राहणाऱ्या आपल्या बायकांचा फोनवर एक गट होता. त्यावर तिनं बाटलीचा फोटो टाकला, दोघीचौघींनी मागवला. मग आजोबांच्या ओळखीची एक मेणबत्तीवाली मिळाली, एक साबणवाली मिळाली, आणि भावजयीनं इंटरनेटवर दुकान थाटलं. माल पलंगाखाली. नवरा पाय आखडून झोपायचा आणि म्हणायचा, शेठाणीबाई, तुमच्या गोदामात भाडेकरूला जागा आहे का? पण पार्सलांना चिकटपट्टी लावायला तोच बसायचा. फोटो भावजय काढायची, आणि मराठीतला मजकूर नणंदेकडे, तिचं मराठी घोटीव म्हणून. ‘निर्भेळ, रानफुलांचा’ हे शब्द नणंदेचे. ते खरे होते, म्हणून तिनं ते बिनधास्त लिहिले होते.

उतारावर वळल्यावर भावजय एकदम थांबली. घरापुढे पांढरी गाडी उभी होती.

‘आहे,’ ती म्हणाली, आणि चालायचं सोडून पळायलाच लागली.

तपासनीस बाई अंगणातल्या लाकडी टेबलाशी बसली होती. चष्मा, आखूड केस, हातात रबरी मोजे. टेबलावर पेटी उघडी आणि पेटीत काचेच्या नळ्या ओळीनं. शेजारी त्या बादल्या. आजोबा दाराच्या चौकटीला टेकून उभे, हात मागे बांधलेले, आणि आजी आत खिडकीत. भावजयीला बघून आजोबांनी नुसती मान वळवली. ती रागानं वळवली की लाजेनं, हे तिला कळेना, आणि तेच तिला फार लागलं.

तिनं धापा टाकतच सांगायला सुरुवात केली. जेवढी भाषा येत होती तेवढी सगळी पणाला लावली. साखर माझी. आजोबांना माहीत नाही. आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत. मध्येच शब्द सापडेना, तेव्हा तिनं हातानं मूठ करून दाखवली. तपासनीस बाईनं सगळं ऐकून घेतलं. एकदाही अडवलं नाही. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

तो चेहरा भावजयीच्या ओळखीचा होता. रोज सकाळी कॅनच्या रांगेपुढे ती स्वतः हाच चेहरा करून उभी राहायची. या बाईला तिची गोष्ट तळ्यात डुंबणाऱ्या म्हशीसारखीच वाटत असणार. ती त्या जागी असती तर तिनंही बादल्या बाजूला काढल्या असत्या.

तपासनीस बाई एवढंच म्हणाली, ‘रिकाम्या बादलीत साखर कोण घालतं?’

‘मी,’ भावजय म्हणाली. तेवढंच तिच्याजवळ होतं.

नणंदेला शब्द कळत नव्हते, पण प्रकरण हाताबाहेर चाललंय हे कळत होतं. ती पुढे होऊन मराठीतच सांगायला लागली की बाई, ही खोटं बोलणाऱ्यांतली नाही हो. तपासनीस बाईनं तिला हातानं थांबवलं. भावजयीची माणसं भावजयीच्या बाजूनंच बोलणार, यात तिला विशेष काही वाटलं नसावं.

तेवढ्यात आजी बाहेर आली. ती कमी बोलणारी. पाहुणे आले की खायला आणून ठेवायची आणि आत जायची. ती नवऱ्याकडे न बघता तपासनीस बाईला म्हणाली की माझी ताटली या मुलीकडून कधी रिकामी आलेली नाही.

तपासनीस बाईनं पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. कुठली ताटली, विचारलं. आजी म्हणाली, मी हिला काही ना काही देते, ही ताटली घेऊन जाते, आणि परत आणते तेव्हा तिच्यात काहीतरी असतं. तपासनीस बाई उठली. भावजयीला तिनं अंगणाच्या टोकाला, पेट्यांकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं, आणि आजीला टेबलापाशी बसवून हळू आवाजात विचारायला लागली.

भावजय पेट्यांकडे बघत उभी राहिली. माश्या आत-बाहेर करत होत्या, त्यांना याचं काही सोयरसुतक नव्हतं. बाई काय करतेय हे तिच्या ताबडतोब लक्षात आलं होतं. दोन भाऊ एकाच घरचं दूध घेऊन आले की तीही दोघांना वेगवेगळं विचारायची. आता बाई येणार आणि विचारणार, ताटलीत काय काय घातलंस? आणि तिला एकही गोष्ट आठवेना. आठवणार कशी? ते विचार करून घातलेलं नव्हतंच, हात घालत होता. शेंगदाणे असतील. बेदाणे? की ते शेजारणीच्या वाटीत? चुकीचं सांगितलं तर आजीचंही खोटं ठरणार आणि मग आजोबांना कुणीच वाचवू शकणार नाही. मागे नणंदेचे ओठ अजून हलत होते.

तपासनीस बाई शेजारी येऊन उभी राहिली आणि तेच विचारलं.

‘मला आठवत नाही,’ भावजय म्हणाली. मग थोड्या वेळानं, ‘एकदा लिंबू दिलं होतं. एकच. त्या दिवशी घरात दुसरं काही नव्हतं, साखरसुद्धा संपली होती. मला फार लाज वाटली होती, म्हणून लक्षात आहे.’

तपासनीस बाईनं तिच्याकडे पाहिलं. कॅनच्या रांगेपुढची मीटरबाई कधी एखाद्याकडे बघायची, तसं.

‘हिरवं की पिवळं?’

‘हिरवं.’

बाई टेबलाकडे गेली. आजीनं लांबूनच भावजयीकडे बघून अंगठा आणि बोट जुळवून लिंबाएवढा गोल करून दाखवला. तेव्हा भावजय मटकन खाली गवतात बसली.

एवढ्यानं सगळं मिटलं असं नाही. शिक्का तिथल्या तिथे काढून घेतला नाही, हे खरं. पण नियम तो नियम. बाईनं टाकीतला मध नळ्यांमध्ये भरून घेतला, बादल्या गाडीत टाकल्या, आणि सांगितलं की तपासणीचा निकाल येईपर्यंत खोलीचं सील निघणार नाही आणि एक थेंबही विकायचा नाही. मध चांगला निघाला तर शिक्का राहील. शिवाय संघाच्या फलकावर आणि त्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर आजच सूचना लागणार. भावजयीनं विचारलं, सूचनेत काय लिहिणार? बाईनं दाखवलं. आजोबांचं नाव, आणि पुढे, मध काढण्याच्या खोलीत साखर आढळली, चौकशी चालू. त्यात माझं नाव घाला, साखर माझी आहे म्हणून लिहा, असं भावजयीनं पुन्हा पुन्हा विनवलं. बाई म्हणाली, सूचनेत मधवाल्याचं नाव असतं, ग्राहकाचं नाही. ती कठोरपणे म्हणाली नाही. उलट जाताना भावजयीला म्हणाली की तुझ्यावर माझा विश्वास बसलाय, पण विश्वास नळीत भरून पाठवता येत नाही.

गाडी गेल्यावर आजोबांनी मागे बांधलेले हात सोडले. ते भावजयीसमोर येऊन उभे राहिले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, ‘पुढच्या वेळी रिकाम्या आण. अगदी रिकाम्या.’

भावजयीनं मान डोलावली. पुढच्या वेळी, असं ते म्हणाले होते. तिला रडू आलं ते तेव्हा. आजोबांना बायकांचं रडणं सोसत नसावं. ते पेट्यांकडे निघून गेले. आजीनं खायचं आणून ठेवलं. दोघींनी ताटली घरी न नेता तिथंच खाऊन घेतलं.

परतीला पुलापर्यंत आजोबांनी ट्रकमधून सोडलं. बसथांब्याच्या बाकावर नणंदेनं चप्पल काढून फोड बघितला, आणि भावजयीनं फोन काढून संघाचं पान उघडलं. सूचना लागली होती. नाव ठळक अक्षरात. खाली कुणीतरी लिहिलंही होतं, की एवढ्या वर्षांचा माणूस, शेवटी हाही तसलाच निघाला. भावजयीनं ते वाचून नणंदेला मराठीत सांगितलं आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

नणंद म्हणाली की चार दिवस दुकान बंद ठेवू, निकाल लागला की आपोआप सगळं निवळेल, आपण गप्प राहिलेलं बरं. तिनं ते भावजयीच्या भल्यासाठीच म्हटलं होतं. बायकांचा तो गट तिला माहीत होता. साखर कुणी घातली हे तिथं कळलं की मेणबत्त्या आणि साबणसुद्धा कुणी घेणार नाही, आणि पलंगाखालचा माल पलंगाखालीच राहील.

भावजयीनं ऐकून घेतलं. बस लांबून येताना दिसत होती.

‘ताई, आज घरी गेल्यावर दुकानाच्या पानावर एक मजकूर लिहून द्या मला. तुमच्या मराठीत लिहा, मी तो इथल्या भाषेत करून घेईन, दोन्ही लावू. संघाच्या त्या सूचनेखालीही लावू. गैरसमज झाला, चुकून पडली, असलं काही लिहू नका. आजोबांच्या खोलीतली साखर मी माझ्या हातानं घातली, त्यांना न विचारता घातली, हे पहिल्याच ओळीत येऊ द्या. सजवू नका, ताई. आणि खाली दुकानाचं नाव नको. माझं लिहा.’